सेंदाईचा करार आमच्या गोठ्यापर्यंत येतो का?

प्रश्न: आम्ही शिरोळ तालुक्यातले. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत घरात पाणी शिरलं. आता लेकीला शाळेत सेंदाई, पॅरिस आणि शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं यांवर प्रकल्प करायचाय. जगानं एवढे करार केले, तरी पाणी चढायला लागलं की आमच्या दोन म्हशी कुठं न्यायच्या, याची धावाधाव आमचीच. मग या करारांचा आम्हाला काय उपयोग?

उत्तर: ताई, तुमच्या म्हशी सेंदाईच्या करारात आहेत. मार्च २०१५ मध्ये जपानमधल्या सेंदाईला, म्हणजे चार वर्षांपूर्वी त्सुनामीनं झोडपलेल्या शहरात, देशांनी आपत्तीची जोखीम कमी करण्याचा २०३० पर्यंतचा आराखडा ठरवला. उपजीविकेची साधनं वाचवा, असं त्यात म्हटलंय आणि पुढं गुरंढोरं, अवजारं, बियाणं अशी नावंही घेतलीत. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे मामाच आठवले.

बाकीचे दोन करार त्याच वर्षीचे. १७ उद्दिष्टं सप्टेंबरमधली. त्यांतल्या अकराव्या आणि तेराव्यात आपत्तीचा विषय येतो. डिसेंबरचा पॅरिस करार तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली, जमल्यास दीड अंशावर रोखण्यासाठी. त्या वाटाघाटींतून पुढं हवामानबदलामुळं होणाऱ्या हानी-नुकसानीचा निधी उभा राहिला, पण तो देशांसाठी आहे. तुमच्या खात्यावर त्यातून पैसे येतील, अशी आशा मी लावणार नाही.

सेंदाईचा आराखडा कायद्यानं बंधनकारक नाही, म्हणून त्याच्या नावानं कुणाला जाब विचारता येत नाही. आपल्याकडचा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मात्र बंधनकारक आहे. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा हवा आणि तो दरवर्षी सुधारायला हवा, असं तो सांगतो. तेव्हा पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत उभ्या राहा आणि विचारा: आमच्या गावाचं त्यात काय लिहिलंय? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आपल्या गावाला कुठली मोजपट्टी लागू पडते, आणि किती फुटांवर जनावरं हलवायची? कुठल्या माळावर? ट्रॅक्टर कुणाचा? माझं मत विचाराल तर इशारा मिळाला की दावं सोडावं, धोक्याची वाट बघू नये. रात्री कमरेएवढ्या पाण्यातून म्हैस पुढं सरकत नाही.

लेकीला सांगा, घराच्या चौकटीवर पाणी कुठवर आलं होतं ते टेपनं मोजून प्रकल्पात लिही. माझ्या मामांनी दर पुराला चौकटीत एक खिळा ठोकलाय. गावात कुठलं घर आधी बुडेल, हे ते त्या खिळ्यांवरून सांगतात.

आणि ग्रामसभेत वैरणीचं विचारायला विसरू नका. २०१९ ला मामांच्या म्हशी वेळेत माळावर पोचल्या, पण तिथं दोन दिवस त्यांच्यापुढं टाकायला काडी नव्हती.