आधी टायमिंग, मग कार्बोरेटर

कार्बोरेटरचा स्क्रू तूर्तास विसरा. नव्याने बांधलेलं इंजिन अडखळलं की सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो आणि दोष बहुतेक वेळा निघतो इग्निशनमध्ये. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंटची गॅप (ठिणगीचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांमधली फट), मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. गॅप बदलली की टायमिंगही सरकतं, म्हणून उलट्या क्रमाने केलेलं काम वाया जातं.

क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूण घासून तिच्यावर खडूची रेघ ओढा, नाहीतर टायमिंग लाइटच्या (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या) उजेडात नुसता काळा पट्टा फिरताना दिसेल. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने टायमिंग आपोआप पुढे नेणाऱ्या सोयीची) नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) कमी ठेवा. किती अंश ठेवायचे ते तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्या, ऐकीव आकडा नको. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी सिलिंडरांना वाटणारा भाग) केसभरच फिरवा आणि बोल्ट आवळल्यावर पुन्हा तपासा. आवळताना तो सरकतोच.

आता मिक्श्चर, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण. इंजिन बंद असताना कार्बोरेटरचा तो स्क्रू हलक्या हाताने टेकवून साधारण दीड फेरा मागे घ्या. जोर लावलात तर सुईचं टोक गेलं समजा. मग इंजिन पूर्ण गरम करून, चोकची झडप पूर्ण उघडी ठेवून, थोडंथोडं फिरवत सर्वात जास्त आरपीएमची जागा शोधा. भरल्या गाडीला चढावर टकटक आवाज आला, तर टायमिंग दोन अंश मागे घ्या, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल.