छत्री, बटण आणि कंबर

प्रश्न असा आहे: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः असलेलं छिद्र 'छत्री टाकून बंद केलं' असं वाचायला मिळतं, कुठे 'बटण बसवलं' असंही असतं. यातला योग्य शब्द कोणता, आणि '२० मिमीची छत्री' म्हणजे नेमकं काय २० मिमी?

दोन्ही शब्दांना आधार आहे. किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेलं साधन खरंच छत्रीचं होतं: पोलादी काड्या, त्यांवर डेक्रॉनचं (पॉलिएस्टरचं) कापड, आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना उघडून एकमेकींत अडकवायच्या अशा दोन छत्र्या. पुढे सिडेरिस यांच्या साधनात उजव्या तुकड्याला काज होतं आणि डाव्याचं बटण त्यात अडकवायचं.

आज सर्रास बसवतात त्या साधनात काडीही नाही आणि काजही नाही. नितिनॉलच्या, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या, बारीक तारांची जाळी विणतात आणि साच्यात धरून तापवतात. दोन चकत्या आणि मधली कंबर हा आकार तारेच्या अंगी मुरतो. शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या नळीत ओढली की जाळी लांबट, सडपातळ होते. नळीतून सुटली की मूळ आकारावर येते. आत पॉलिएस्टरचं कापड शिवलेलं असतं, त्यामुळे जाळीतून रक्त पलीकडे जाणं लवकर थांबतं.

खरा फरक कंबरेत आहे. जुन्या छत्रीच्या मध्ये बारीक दांडा असायचा, तो छिद्रात एका बाजूला सरके; म्हणून छत्री छिद्रापेक्षा बरीच मोठी घ्यावी लागे. कंबर छिद्रच भरते, त्यामुळे साधन आपोआप मधोमध बसतं. छत्रीने छिद्र झाकलं जायचं, कंबरेने ते बुजतं. क्रियापद निवडताना हा भेद पाळावा.

मापाचं उत्तरही इथेच आहे. वर सांगितलेल्या जाळीच्या, म्हणजे अँप्लाट्झर पद्धतीच्या, साधनात २० मिमी हा कंबरेचा व्यास. त्याची डावी चकती ३४ मिमी आणि उजवी ३० मिमी असते. डाव्या कप्प्यात दाब जास्त, म्हणून तिकडची चकती मोठी. नुसतं '२० मिमीची छत्री' लिहिलं तर वाचक चकतीच २० मिमीची समजतो, आणि ती पडद्यावर किती जागा घेईल याचा अंदाज पार चुकतो.

हे माप ठरवायला छिद्रात मऊ फुगा फुगवतात, तोही सोनोग्राफीत रक्ताची गळती थांबेल इतकाच. त्यापुढे फुगवला तर पडदा ताणला जातो, आकडा वाढतो आणि साधन गरजेपेक्षा मोठं निवडलं जातं. छिद्राची महाधमनीच्या बाजूची कड तोकडी असेल तर मोठ्या चकतीची धार कप्प्याची भिंत किंवा महाधमनी घासून भोक पाडू शकते. उलट फार लहान घेतलं तर साधन निसटून रक्ताबरोबर वाहून जातं.

याच पडद्यातला गर्भावस्थेतला झडपेसारखा मार्ग जन्मानंतर उघडाच राहिला असेल तर त्यासाठीचं साधन वेगळं. त्यात कंबर बारीक असते आणि २५ मिमी हा आकडा उजव्या चकतीचा असतो. डावी १८ मिमीची. म्हणून आकड्याच्या आधी 'कंबर' किंवा 'उजवी चकती' लिहायलाच हवं.

माझं मत: बातमीत, बोलण्यात 'छत्री' चालू द्या, ती रुळलेली आहे. 'बटण' एका जुन्या साधनापुरतं ठेवावं. माहितीपर मजकुरात 'दुहेरी चकतीचं साधन' नेमकं वाटतं. 'टाकणे' मात्र नको. साधन केबलच्या टोकाला स्क्रूने धरलेलं असतं. आधी डावी चकती उघडायची, पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढायची, मग कंबर आणि उजवी चकती उघडायची. नंतर केबल हलकेच पुढे-मागे करून पकड तपासतात, आणि जागा चुकली असेल तर सगळं पुन्हा नळीत ओढून घेता येतं. तोवर ते 'बसवणे'. केबल उलटी फिरवून स्क्रू काढला की 'सोडणे'.