आर्म एकाचा, स्लेड दुसऱ्याचा

प्रश्न : ताई, एका निवृत्त ऑपरेटरकडून मला स्टेडिकॅमचा, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा, अंगावर घालायचा जुना व्हेस्ट आणि स्प्रिंगचा आर्म मिळाला आहे. स्लेड, म्हणजे कॅमेरा आणि बॅटरी बसवायचा दांडा, माझाच, पण वेगळ्या कंपनीचा. आर्मच्या टोकाची उभी पिन स्लेडच्या गिंबलच्या (सगळीकडे झुकणाऱ्या सांध्याच्या) हँडलच्या भोकात जाते, पण सैल बसते. चालता चालता थांबलो की चित्रात बारीक धक्का दिसतो. मित्र म्हणतो, पिनेला टेप गुंडाळ. दुकानदार मॉडेलचं नाव विचारतो, आणि आर्मवरची अक्षरं तर पार पुसली गेली आहेत. शिवाय कॅमेऱ्याची प्लेट स्लेडवर बसत नाही, बॅटरीची प्लेटही निराळी आहे. नेमकं काय शोधू?

उत्तर : अक्षरं पुसली गेली याची काळजी करू नका. अडॅप्टर शोधायचा तो मापावरून. एकाच कंपनीने वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या पिना दिलेल्या असतात, त्यामुळे नाव माहीत असलं तरी माप घ्यावंच लागतं.

व्हर्नियर कॅलिपर मिळवा. पिनेचा व्यास टोकाशी, मध्यावर आणि मुळाशी असा तीन ठिकाणी मोजा, कारण जुनी पिन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. मग हँडलच्या भोकाचा आतला व्यास आणि भोकाची खोली मोजा. आकडे मिलिमीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. गॅरेट ब्राउन यांचं स्टेडिकॅम १९७०च्या दशकात अमेरिकेत तयार झालं, म्हणून या सामानाची बरीच मापं इंचात आहेत. पिना प्रामुख्याने दोन मापांच्या दिसतात : अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.८७५ मिमी. नंतर आलेल्या काही उत्पादकांनी मिलिमीटरची मापं धरली. १२ मिमीची पिन अर्ध्या इंची भोकात सरळ आत जाते, बसल्यासारखी वाटते, आणि ०.७ मिमीची ढिलाई तशीच राहते. तुमचं वर्णन वाचून मला या जोडीचा संशय येतो. मोठ्या भोकात अर्ध्या इंची पिन असती, तर तीन मिलिमीटरची फट तुम्हाला डोळ्यांनी दिसली असती.

टेप मात्र गुंडाळू नका. हँडल पिनेभोवती मोकळेपणाने फिरलं पाहिजे, ऑपरेटर वळतो तेव्हा ते फिरणंच कामाला येतं. टेपमुळे ते अडखळतं, आणि थोड्या वेळाने टेपची गुंडाळी होऊन बाहेर येते. ढिलाई ठेवली तर तुम्ही थांबताना किंवा दिशा बदलताना हँडल पिनेवर आपटतं. गिंबल कोन खपवतो, असा धक्का खपवत नाही. तोच तुम्हाला चित्रात दिसतोय.

तुम्हाला हवा आहे बुश, म्हणजे पिनेवर चढवायची पोकळ नळी. तो तयार मिळाला तर उत्तम, नाहीतर कोणताही चांगला टर्नर लेथवर करून देईल. त्याला फक्त ‘हे त्यात बसव’ असं सांगू नका, कागदावर चित्र काढून द्या. बुश पिनेवर पक्का राहील आणि हँडल बुशच्या बाहेरच्या अंगावर फिरेल, हे त्या चित्रात स्पष्ट असू द्या. अर्ध्या इंची पिनेसाठी मोठ्या भोकाचा बुश केला तर त्याची भिंत जेमतेम १.६ मिमी जाडीची होते. तिच्यात ग्रब स्क्रूचे (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूचे) आटे धरत नाहीत, म्हणून खाली जाड कॉलर ठेवायची आणि स्क्रू कॉलरमध्ये घ्यायचा. तुमची १२ मिमीची जोडी निघाली तर भिंत एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी येईल. असा बुश करूच नये. तिथे पिनच बदलायची. पुष्कळ आर्ममध्ये ती एका स्क्रूवर बसवलेली असते आणि काढता येते. नवी पिन स्टीलची करा, मुळाकडचा भाग जुन्या पिनेच्या मापाचा आणि वरचा भाग हँडलच्या मापाचा. उलट, पिन जाड आणि भोक लहान असेल, तरी उपाय हाच. हँडलचं भोक मोठं करायला कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. गिंबल हा स्लेडचा सगळ्यात नाजूक आणि महागडा भाग आहे, त्याची बेअरिंग शेजारीच असतात. बिघडलीच तर बिघडू द्यावी अशी वस्तू एकच, आपण करून घेतलेला तुकडा.

बुश पितळेचा किंवा डेलरिन या टणक प्लास्टिकचा घ्या. अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासलं की पृष्ठभाग ओरखडून एकमेकांना धरतात, आणि मग हँडल ओढून काढावं लागतं. बाहेरचं माप भोकापेक्षा ०.०५ मिमीच्या आसपास कमी ठेवा. मला ही ढिलाई बोटाने तपासायची सवय आहे : हँडल बसवायचं, वरून पकडून आडवं हलवायचं. बोटाला टकटक जाणवली तर बुश परत द्यायचा, मग टर्नर कितीही नाराज होवो.

व्हेस्ट आणि आर्म एकमेकांचेच असल्याने तुम्ही एका मोठ्या कटकटीतून वाचलात. व्हेस्टच्या सॉकेटवर सगळं वजन शरीरापासून दूर लटकतं. तो सांधा जुळत नसेल तर उत्पादकाचाच भाग घ्यावा, गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याच्या प्लेटसाठी अडॅप्टरवर अडॅप्टर चढवू नका. स्लेडच्या खाचेत बसणारी प्लेट घ्या आणि ती थेट कॅमेऱ्याखाली लावा. प्रत्येक थर कॅमेरा वर उचलतो आणि स्लेड डोकेजड होतो, मग खाली वजन वाढवा किंवा दांडा लांबवा, आणि ते सगळं अखेर तुमच्या पाठीवर येतं. खाच मोजताना घाई नको. आर्का पद्धतीची प्लेट सुमारे ३८ मिमी रुंद असते, व्हिडिओ ट्रायपॉडच्या कित्येक प्लेटा ५० मिमीच्या आसपास. स्क्रू दोन प्रकारचे : पाव इंची, इंचाला २० आटे, आणि तीन अष्टमांश इंची, इंचाला १६ आटे. आयएसओ १२२२ या मानकात हेच दोन आहेत. हार्डवेअरच्या दुकानातला एम-६, म्हणजे सहा मिमीचा स्क्रू, पाव इंचीसारखाच दिसतो. एकदोन फेरे आत जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला तर कॅमेऱ्याच्या तळाचे आटे जातात.

बॅटरीचं काम सोपं आहे. व्ही-माउंट आणि गोल्ड माउंट या बॅटरी बसवण्याच्या दोन पद्धती, त्यांच्यातल्या तयार अडॅप्टर प्लेटा मिळतात. धोका असतो तो स्लेडमधून वर कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या केबलमध्ये. गोल कनेक्टर सारखे दिसले तरी धन आणि ऋण कोणत्या पिनेवर हे कंपनीगणिक बदलतं. कॅमेरा जोडण्याआधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज आणि दिशा पाहा. कनेक्टर बसला म्हणून विश्वास ठेवू नका.

आता वजन. आर्मची क्षमता सांगतात तेव्हा स्लेड, बॅटरी, मॉनिटर, कॅमेरा, लेन्स हे सगळं त्यात धरायचं असतं. सगळं एकत्र तोला. कमीत कमी वजनाचीही मर्यादा असते हे अनेकांच्या लक्षात येत नाही : हलका कॅमेरा लावला की जड वजनासाठीचा आर्म वरच राहतो, स्प्रिंग सैल करूनही खाली येत नाही. अशा वेळी अडॅप्टर शोधण्यात अर्थ नाही, आर्मच दुसरा हवा.

प्रश्न : ताई, असा बुश थ्री-डी प्रिंटरवर काढला तर चालेल का?

उत्तर : माप पाहण्यासाठी जरूर काढा. टर्नरकडे जाण्याआधी दोन-तीन मापांचे बुश छापून हँडलमध्ये घालून बघणं ही फार चांगली पद्धत आहे. चित्रीकरणाला मात्र तो नेऊ नका. प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, साठ अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डजवळ तेवढं तापमान सहज होतं. शिवाय सतत भार राहिला की ते हळूहळू दबतं आणि ढिलाई परत येते. थरांच्या रेषांमुळे हँडलही खरखरत फिरतं. जुळलेल्या छापील बुशचं माप कॅलिपरने पुन्हा घ्या, आणि संगणकातल्या आकड्याऐवजी ते मोजलेलं माप टर्नरला द्या.