मोटरचं बेअरिंग मोबाईलवर ऐकून कळेल का?

प्रश्न : काका, मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. धूळ ओढणाऱ्या ब्लोअरची दोन एचपीची मोटर महिनाभर घरघरतेय. फिटर म्हणतो, बेअरिंग बदला. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून एआयला विचारू. कोणाचं ऐकू? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : आधी एक फुकटची परीक्षा करा. मोटर पूर्ण वेगात असताना स्विच बंद करा आणि कान द्या. घरघर त्याच क्षणी थांबली तर बेअरिंगला हात लावू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर मोटर १०० हर्ट्झने गुणगुणते, वीज गेली की ते बंद. आवाज फेऱ्यांबरोबर हळूहळू उतरत गेला, तर मात्र काहीतरी फिरणारं बिघडलंय. मग पट्टा काढून मोटर रिकामी चालवा. पुष्कळदा बोंब ब्लोअरच्या प्लमर ब्लॉकची (ब्लोअरचा शाफ्ट पेलणाऱ्या बेअरिंगच्या ठोकळ्याची) असते आणि बदललं जातं मोटरचं बेअरिंग. चोर सोडून संन्याशाला फाशी!

भाच्याची कल्पना वेडगळ नाही, पण त्याला आधी थोडं गणित करू द्या. एवढ्या मोटरमध्ये बहुधा ६२०५ बेअरिंग असतं, आत ९ गोळ्या. (नंबर बेअरिंगवर कोरलेला असतो, खात्री करून घ्या.) नेमप्लेटवर १४४० आरपीएम असेल तर शाफ्ट सेकंदाला २४ फेऱ्या मारतो. गोळ्या मात्र घरंगळत जातात, म्हणून त्यांना सारख्या अंतरावर धरणारा पिंजरा सेकंदाला साडेनऊच्या आसपासच फेऱ्या मारतो. बाहेरच्या रेसला (गोळ्या ज्यावर धावतात त्या कड्याला) खड्डा असेल, तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना टक् करते : सेकंदाला साधारण ८६ टक्. आतली रेस शाफ्टबरोबर पुढे पळत असते, तिथल्या खड्ड्याचे होतात १३०.

आवाजाच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे त्या आलेखात, मात्र ८६ वर सुळका सहसा दिसत नाही. टक् बारीक असतो, पण त्याने हाउसिंग, म्हणजे बेअरिंगभोवतीचं कवच, काही हजार हर्ट्झवर झणाणतं. म्हणून खालचे आवाज गाळायचे, त्या झणाण्याच्या चढउताराचा लिफाफा, म्हणजे एन्व्हलप, काढायचा आणि स्पेक्ट्रम त्याचा घ्यायचा. तिथे ८६ उठून दिसला तर बाहेरची रेस गेली. १३० आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २४-२४ वर छोटे सुळके दिसले तर आतली; कारण तो खड्डा दर फेरीला भाराखाली येतो आणि सुटतो.

रेकॉर्डिंग करताना फोनचं नॉइज रिडक्शन बंद ठेवा. सततची घरघर त्याला कचरा वाटते आणि नेमकी तीच तो पुसून टाकतो. फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, हवी. हाउसिंगपासून वीतभर अंतर ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात माइक धरू नका, शेजारची यंत्रं बंद असू द्या. आणि पट्ट्याचं गार्ड जागेवर!

एआयचं म्हणाल, तर विद्यार्थी अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या डेटावर मॉडेल शिकवतात. तिथेही ६२०५च आहे, पण खड्डे विजेच्या ठिणगीने मुद्दाम पाडलेले आणि मोजलंय कंपन, आवाज नव्हे. तिथे पैकीच्या पैकी मिळवणारं मॉडेल तुमच्या शेडमध्ये सपशेल नापास होऊ शकतं. त्यापेक्षा नवं बेअरिंग बसलं की त्याच जागेवरून रेकॉर्डिंग करून ठेवा, पुढे तुलनेला तेच कामी येईल.

रिकामी मोटरही घरघरली तर फिटरचंच ऐका. बिघाड सुरुवातीला अल्ट्रासाउंडमध्ये कळतो, नुसत्या कानाला ऐकू येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. काही शे रुपयांच्या बेअरिंगपायी वाइंडिंग जाळून घेण्यात काय हशील?

जुनं बेअरिंग मात्र भंगारात टाकू नका. ग्राइंडरने बाहेरची रिंग कापा (चष्मा घालून), रॉकेलने धुवा आणि रेस उजेडात तिरकी धरा. एकाच जागी खवला निघालेला असेल तर रोजची झीज. पण धुण्याच्या फळीसारख्या समांतर रेघा दिसल्या आणि मोटर व्हीएफडीवर (वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालत असेल, तर शाफ्टमधून वीज वाहतेय; नवं बेअरिंगही तसंच जाईल. तसं असेल तर ड्राइव्ह ते मोटर केबल किती लांब आहे आणि अर्थिंग कुठे जोडलंय, ते मला लिहून कळवा.