जुन्या गोव्याहून दिवाडी ओलांडून नार्व्याला एका दिवसात पायी जाता येईल का?

जुने गोवे ते नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर हे अंतर दिवाडी बेटावरून एका दिवसात पायी कापता येईल का, असे आपण विचारले आहे. आरामात कापता येईल; मात्र जायचे ते याच दिशेने जावे, कारण देवही याच बेटावरून पलीकडे गेला.

सकाळी लवकर १५९७ साली उभारलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर यावे आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडावी. दिवाडीला उतरल्यावर खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, लागते आणि तेथे घाई करू नये. खारे पाणी अडवणारा मातीचा बांध आणि त्यात बसवलेली लाकडी दारांची मानस, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी झडप, ही गोव्याच्या शेतकऱ्याची फार जुनी विद्या आहे: भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात, आणि ओहोटी लागली की आतले पाणी तीच दारे लोटून नदीत उतरते. शक्य असल्यास भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघावे. पाणी उलटण्याच्या सुमारास मानशीपाशी उभे राहिले, तर फटींतून येणारी बारीक धार हळूहळू थांबताना दिसते, आणि ते पाहत मी स्वतः कितीतरी वेळ तिथे रेंगाळतो.

पिएदादच्या टेकडीवरील चर्चपाशी थोडा विसावा घ्यावा. तेथून नदी आणि जुन्या गोव्याची चर्चे छान दिसतात.

पुढे बेटाच्या नार्वे भागात (नदीपलीकडच्या नार्व्याचेच नाव अलीकडेही आहे) कोटितीर्थाचा तलाव आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजघराण्याचे कुलदैवत. त्याचे मूळ देऊळ याच परिसरात होते. बहमनी राजवटीत ते उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकात ते पुन्हा उभे केले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. तेव्हा भाविकांनी लिंग नदीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या डिचोली महालात नेले. इतके समजून घेऊन नार्व्याच्या फेरीत बसावे. पलीकडच्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. तसा शिलालेख दारावर आहे, तो वाचल्याशिवाय आत जाऊ नये. अलीकडच्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये मंदिर पुन्हा खुले झाले.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. बांधावर सावली नाही, म्हणून टोपी आणि भरपूर पाणी हवे. पावसात बांध निसरडे होतात, तेव्हा डांबरी रस्ताच धरावा. परतीसाठी डिचोलीची वाट सोयीची पडते.