आजोबा युद्धाबद्दल बोलतच नाहीत, त्यांना कसं विचारू?

तुम्ही लिहिलंय की आजोबा 1971 च्या लढाईत नौदलात होते, पण "युद्धात काय झालं?" विचारलं की विषय बदलतात. आमचे आज्जा अगदी तसेच होते. आता ते नाहीत, म्हणून घाईने लिहितोय.

सोलापूरचा माणूस नौदलात, हेच मुळात लोकांना पटायचं नाही. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटर, आमचं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव. पणजोबा जुन्या मिलच्या बॉयलरवर होते. आज्जा नौदलात गेले आणि विक्रांत या विमानवाहू जहाजावर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, झाले. "मिलच्या भोंग्यातून सुटले, विक्रांतच्या बॉयलरपाशी अडकले," असं आजी म्हणायची.

लहानपणी मी विचारायचो, किती जहाजं बुडवली? ते म्हणायचे, "जेवलास का बे?" पुढे कळलं, त्यांना सांगता येण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. 4 डिसेंबरला विक्रांतवरून सी हॉक विमानं उडाली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला, मग चितगाव. आज्जा तेव्हा खाली, लोखंडाच्या पोटात. वर काय चाललंय ते आवाजावरून ओळखायचं. त्यात जहाजाच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले, त्यामुळे वेग मिळेना. आखूड डेकवरून विमान उडायचं तर समोरून वारा लागतो, आणि जहाज जोरात पळालं तरच तो पुरेसा मिळतो. म्हणजे आज्जांचं सगळं युद्ध वाफेच्या काट्यावर नजर ठेवण्यात गेलं. विक्रांतच्या मागावर असलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, हेही त्यांना नंतरच समजलं.

इकडे आजी शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून. पत्रात जहाज कुठंय ते लिहायची मनाई, त्यामुळे त्या काळातल्या पोस्टकार्डांत नुसती भावाच्या लग्नाची चौकशी आणि "शेंगाची चटणी संपली".

हे सगळं मला कळलं ते कुकरमुळे. रिटायर झाल्यावर आज्जा स्वयंपाकघराबाहेर पेपर वाचत बसायचे आणि शिट्टी व्हायच्या आधीच ओरडायचे, "गॅस बारीक कर!" एकदा मी विचारलं, कसं कळतं तुम्हाला? दोन तास बोलले. कुठली झडप कशी वाजते, घामाने बनियन कसं पिळून काढायचं, बाजूला झोपणारा केरळचा दोस्त झोपेत काय बडबडायचा. लढाई मधेच येऊन गेली, एका वाक्यात.

म्हणून माझं म्हणणं, युद्धाचं विचारूच नका. कामाचं विचारा. ड्युटी किती तासांची, खायला काय, बाजूच्या बंकवर कोण. ट्रंकेत पदकं असतील तर ती त्यांच्यासमोर काढा. 'पूर्वी स्टार' नावाचं पदक असेल तर ते पूर्वेच्या आघाडीवर होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेच्या. एवढं माहीत करून घेऊन बसलात तर नातवाला खरंच ऐकायचंय हे त्यांना कळतं. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. मी नाही केलं.

विक्रांत म्युझियम झाल्यावर आम्ही त्यांना सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला नेलं होतं. डेकवर उभे राहून म्हणाले, "वरून एवढं मोठं दिसतं होय!" पुढे जहाज भंगारात गेलं. त्याचं लोखंड वापरलेली बजाजची व्ही मोटरसायकल 2016 मध्ये आली, ती चुलतभावाने घेतली. मे महिना, भर दुपार, गाडी अंगणात उन्हात. आम्ही टाकीला बोट लावून मागे घेतलं. आज्जांनी अख्खा तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"थंडच आहे की बे," म्हणाले.