शंभरचा प्लॅन घेतला तर शंभरच मिळणार का ओ?

प्रश्न : आमच्याकडं जुन्या लँडलाइनच्या तांब्याच्या वायरीवरचं ब्रॉडबँड आहे. घर पाचगावात. टेस्ट केली की 5-6 एमबीपीएस दाखवतंय, पावसात तेपण डगमगतंय. सून घरनंच पुण्याच्या कंपनीचं काम करते, नातू बारावीला, त्याची लेक्चर, आणि ह्यांना रात्री टीव्हीवर मॅच पाहिजेच. आता गल्लीत फायबरवाला आलाय, म्हणतोय 100 घ्या नाहीतर सरळ 300 घ्या, पैशात फरक थोडाच आहे. खरंच एवढं मिळतं का आणि आम्हाला लागतं किती? (एक वाचक, पाचगाव)

उत्तर : काकू, 300 चं सध्या डोक्यातनं काढा. आधी लागतं किती ते बघू. सुनेचा व्हिडिओ कॉल जायला 3-4 आणि यायला 3-4 एमबीपीएस खातो, नातवाचं लेक्चर 2-3, मॅच एचडीत असली तर 5 ते 8, आणि टीव्ही फोरके असून त्यावर खरंच फोरके लावत असाल तर 15 ते 25 धरा. शिवाय घरातले सगळे मोबाईल मागच्या मागं फोटो चढवत असतात, अपडेट ओढत असतात, त्याला 10 सोडा. सगळं एकाच टायमाला चालू धरलं तरी 45 च्या आसपास थांबतंय. म्हणजे 50 चा प्लॅन काठावर, 100 चा निवांत.

आता मिळणार किती, हा खरा प्रश्न. तांब्याच्या वायरीवरचं एडीएसएल टू प्लस कागदावर 24 पर्यंत जातं, पण ते एक्स्चेंजच्या भिंतीला घर असणाऱ्यांना. वायर तीन-चार किलोमीटर लांब गेली की आकडा एकेरीत येतो, त्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की तुमच्यासारखं पावसात डगमगायला लागतं. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर 'अटेन्युएशन' (वायरीत वाटेत सिग्नल किती गळतो ते) म्हणून एक आकडा असतोय, तो 50 डेसिबलच्या आसपास किंवा वर असेल तर नवा मोडेम आणून काय उपयोग नाही, वायरच तेवढी देणार. तेव्हा फायबर घ्याच, त्यात दुमत नाही. काचेच्या तारेत एवढ्या अंतरानं स्पीड पडत नाही, नेहमीच्या फायबर यंत्रणेत 20 किलोमीटरपर्यंत काम चालतंय.

पण फायबर म्हणजे तुमची एकटीची तार नव्हे. घरगुती फायबर बहुतेक जीपॉन पद्धतीचं असतंय, त्यात एका तारेवर येणारे साधारण 2500 एमबीपीएस खांबावरच्या स्प्लिटरमधनं 32 नाहीतर 64 घरांत वाटले जातात. 64 घरांनी एकदम नरड्याला येईस्तोवर ओढलं तर घरटी 39, 32 घरं असली तर 78. असं सगळे एकदम कधी ओढत नाहीत म्हणून 100 चे प्लॅन विकता येतात, आणि त्यात लबाडी काय नाही. लबाडी असली तर ती पुढं असते, गल्लीतल्या ऑपरेटरनं वरच्या कंपनीकडनं किती स्पीडचा माल घेतलाय आणि किती गिऱ्हाइकांत वाटलाय त्यात. ते तो सांगणार नाही, विचारून बघा, 'काय टेन्शन घेऊ नका काकू' एवढंच उत्तर येणार.

म्हणून त्याला विचारूच नका. खांबावरच्या त्याच स्प्लिटरच्या डबीवर कनेक्शन असलेलं शेजारचं घर गाठा आणि रात्री साडेनऊला, शक्यतो मॅच असताना, त्यांच्याकडं टेस्ट करा. सकाळी अकराचा आकडा कुणी दाखवला तर हसून सोडून द्या. लॅपटॉप वायरनं राउटरला जोडा, मोबाईल नको. एकदा स्पीडटेस्टवर बघा, पण तिथं सर्व्हर आपोआप निवडला जातो आणि तो बऱ्याचदा त्याच कंपनीचा असतो, मग आकडा फुल्ल येणारच, तेव्हा हातानं मुंबईचा दुसऱ्या कुणाचातरी सर्व्हर निवडा. मग फास्ट डॉट कॉमवर बघा, ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरनं मोजतंय. दोन्हीत लई फरक आला तर लहान आकडा खरा धरायचा. 100 च्या प्लॅनवर रात्री 60-70 आलं तर डोळे झाकून घ्या. 20-25 आलं तर 300 घेऊनपण रात्रीचं चित्र फारसं बदलणार नाही, कारण अडलंय वर, तुमच्या प्लॅनमध्ये नाही. गळिताच्या हंगामात पुढं उसाची डबल ट्रॉली असली की मागची बुलेट काय आणि लुना काय, तसलं हे.

अजून एक, दर विचारताना 18 टक्के जीएसटी धरून विचारा, आणि डेटा लिमिट संपल्यावर स्पीड किती उरतो तेपण. जाहिरातीतल्या 'अप टू' वर भांडण करून काय हाताला लागत नाही, सरकारी व्याख्येत 2023 पासून किमान 2 एमबीपीएस मिळालं की त्याला ब्रॉडबँडच म्हणतात! आधी तर 512 केबीपीएसलासुद्धा म्हणायचे.

आणि जुनी लाइन लगेच तोडू नका. फायबरवर एक महिना रात्रीची मॅच आणि सुनेचे कॉल नीट चालू देत, मग अर्ज द्या.

प्रश्न : शिवाजी पेठेत जुना वाडा आहे आमचा. 200 चं फायबर घेतलंय, राउटर सोप्यात, आणि माडीवर मोबाईलवर 30-40 च येतंय. कंपनी फसवतीय का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : बहुतेक नाही. कंपनीला शिव्या घालायच्या आधी लॅपटॉप वायरनं जोडून बघा, 180-190 आलं तर कंपनी सुटली. वायरनंसुद्धा बरोबर 94 च्या आसपास अडकलं तर राउटरचा पोर्ट नाहीतर लॅपटॉपचा पोर्ट 100 वाला आहे, किंवा लॅन केबलच्या आठातल्या चारच तारा जोडल्यात. हे लई घरात सापडतंय आणि लोक कंपनीला फोन करत बसतात.

माडीवरचं कारण तुमच्या भिंती. दीड-दोन फुटी भिंत आणि वर तक्तपोशी, त्यातनं 5 गिगाहर्ट्झचं वायफाय पोचत नाही, मग मोबाईल आपला लांब पोचणाऱ्या पण हळू 2.4 गिगाहर्ट्झवर जाऊन बसतो, आणि पेठेतल्या दाटीत 2.4 वर शेजारच्या दहा घरांची गर्दी असते. तिथं 30-40 म्हणजे वाईट नाही खरं तर. उपाय एकच धड आहे, सोप्यातनं माडीवर लॅन केबल टाकायची आणि वर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट करून (म्हणजे केबलमधनं आलेलं नेट नुसतं वायफायवर वाटायला) बसवायचा. ते भिंतीत खोचायचे स्वस्तातले रिपीटर घेऊ नका, एकाच रेडिओवर घेणार आणि त्याच्यावरच देणार, स्पीड जवळपास निम्मा होतोय.

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगचं काम आहे, लक्ष्मीपुरीत ऑफिस. एडिटरला 40 जीबी फुटेज पाठवायला रात्र जाते. डाउनलोड तर 100 दाखवतंय! (एक वाचक, लक्ष्मीपुरी)

उत्तर : भावा, तू डाउनलोड बघतोयस, तुझं काम अपलोडचं. 40 जीबी म्हणजे 3,20,000 मेगाबिट, कारण एका बाइटचे आठ बिट. तुझं अपलोड 10 असणार, म्हणजे 32,000 सेकंद, जवळजवळ 9 तास. गेली की रात्र. तेच अपलोड 100 असलं तर तासाभरात. तेव्हा प्लॅन घेताना 'सिमेट्रिक आहे का, अपलोड-डाउनलोड सारखं आहे का' एवढं विचार आणि बिलावर लिहून घे. सीझनमध्ये महिन्याला किती डेटा चढवतोस त्याचा हिशेब पण काढून ठेव, बऱ्याच प्लॅनात 3300 जीबीची मर्यादा असते आणि अपलोडसुद्धा त्यातच धरतात. ती ओलांडली की स्पीड एकदम खाली, मग नेमकं तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत हार्ड डिस्क घेऊन एडिटरकडं गाडी मारायची वेळ येणार.